रंगावर जाऊ नका: घरच्या घरी उबे हलाया

उबे हलाया म्हणजे जांभळा कंद उकडून, किसून, दूध-साखर-लोण्यात आटवून केलेला घट्ट, मऊ गोड पदार्थ. फिलिपिन्समध्ये तो गरम पावाला लावतात, साच्यातून काढून कापून खातात, हालो-हालो या गोड पदार्थातल्या बर्फाच्या चुऱ्यावर चमचाभर ठेवतात, केकच्या थरांत भरतात. बरणीच्या लेबलावर त्याला जॅम म्हटलेलं असतं, पण फळांच्या जॅमशी त्याचं फारसं नातं नाही. यात पेक्टिन या फळांतल्या द्रव्यामुळे येणारा थरथरता घट्टपणा नाही, आंबटपणा नाही, आणि घरी बरणीत भरून महिनोन् महिने कपाटात ठेवायची सोय तर अजिबातच नाही. कृती बघितली की मराठी माणूस म्हणेल, हा तर हलवा! तसंच समजून सुरुवात करा. ज्याने एकदा गाजराचा किंवा दुधीचा हलवा आटवलाय, त्याच्या हाताला यातलं निम्मं काम आधीच ठाऊक आहे.

उरलेलं निम्मं मात्र नीट समजून घ्यावं लागतं, कारण या पदार्थाबद्दल फोटोंनी एक मोठा घोटाळा करून ठेवलाय. मोबाइलवर दिसणारा तो झगझगीत, निऑनसारखा जांभळा रंग बहुतेक वेळा बाटलीतून आलेला असतो. फिलिपिन्समध्ये उबे फ्लेवर नावाचा अर्क सर्रास मिळतो, त्यात वास आणि रंग दोन्ही असतात, आणि तिथल्या बेकऱ्यांपासून घरांपर्यंत सगळे तो वापरतात. नुसत्या कंदाचा हलाया फिकट जांभळा, किंचित राखाडी छटेचा होतो. कधी गडद, कधी अगदी मवाळ. तो बिघडलेला नसतो, तो तसाच असतो.

बागिओ या डोंगराळ शहरात गुड शेफर्ड संस्थेच्या नन्स हा जॅम करून विकतात. त्या विक्रीतून तिथे काम करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा खर्च निघतो. बागिओला गेलेला माणूस त्यांची बरणी घेतल्याशिवाय खाली उतरत नाही, इतकं तिचं नाव आहे. २०२१ च्या सुरुवातीला जांभळ्या उबेचा तुटवडा पडला, तेव्हा त्यांनी रंग ओतून वेळ मारून नेली नाही. शेतकऱ्यांकडे जो पांढरा उबे होता त्याचाच जॅम केला, आणि तो पांढरा म्हणूनच विकला. लोकांनी घेतला. हलाया हा कंदाचा आणि आटवण्याचा पदार्थ आहे, रंगाचा नाही, याला याहून चांगला दाखला मला सापडलेला नाही. पुढची सगळी कृती याच हिशेबाने लिहिली आहे.

कोणता कंद घ्यायचा

उबे म्हणजे डायोस्कोरिया अलाटा. हा कंद आपल्याला परका नाही. मराठीत कोनफळ, कोकणात काही भागांत घोरकंद, आणि मुंबईच्या बाजारातल्या गुजराती भाजीवाल्याकडे रताळू किंवा नुसतंच कंद. हिवाळ्यात उंधियूच्या भाज्यांबरोबर जो जांभळा कंद ठेवलेला असतो, तोच हा. कोकणात परसदारी त्याचा वेल असतो आणि आपण त्याचे काप करतो, भजी करतो, उपवासाला खातो. मागताना एकच काळजी घ्या: ‘रताळं द्या’ म्हणालात तर लाल सालीचं रताळं पिशवीत पडेल. ते वेगळं पीक.

आणखी दोन चकवे आहेत. एक म्हणजे अळूचा कंद. तो आतून पांढरट, वर जांभळे ठिपके. ‘टारो’ नावाच्या फिक्या जांभळ्या पेयांमुळे पुष्कळांना टारो आणि उबे एकच वाटतात, पण चव, वास, पोत सगळंच निराळं. दुसरं, जांभळ्या गराचं रताळं. त्याचा रंग उबेपेक्षाही भडक निघतो, म्हणून परदेशात काही जण त्याचाच ‘उबे’ हलाया करतात. होतो बरा, पण जास्त ओलसर आणि रताळ्याच्याच चवीचा होतो. काटेकणगीही याच कुळातली, पण ती आतून पांढरी आणि पिठूळ. रंगाचा आग्रह नसेल तर तिचाही हलाया करता येईल, फक्त त्याला उबे म्हणू नका.

फिलिपिन्समध्ये सगळ्यात मान बोहोल बेटावरच्या किनाम्पाय जातीला आहे, तो मुख्यतः वासासाठी. दरवर्षी जानेवारीच्या सुमारास, कंद काढणीच्या हंगामात, तिथे उबेचा उत्सव भरतो. बोहोलमध्ये कंद हातून जमिनीवर पडला तर तो उचलून त्याचा मुका घेण्याची जुनी रीत आहे. अडचणीच्या काळात याच कंदाने जगवलं, ही भावना त्यामागे आहे. आपल्याकडे अन्नाला पाय लागला की हात जोडतात, तसंच ते. आपल्या बाजारात जातींची नावं विचारायची सोय नाही, त्यामुळे डोळ्यांनी आणि हातांनी निवडायचं.

कंद आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे. दाबून बघा, कुठेही मऊ नको. कापलेल्या तोंडाला बुरशी किंवा आंबूस वास नको. मोठा कंद असेल तर भाजीवाला कापून देतोच. तेव्हा आतला रंग बघून घ्या. काही कंद नुसते सालीखाली जांभळे आणि पोटात पांढरे असतात, काही आरपार जांभळे. दुसरा मिळाला तर उत्तम, पण पहिल्यासाठी हिरमुसू नका. साल, देठाकडचा भाग आणि खराब तुकडे जाऊन किलोला सुमारे पाव किलो घट येते, म्हणून सव्वा किलो घ्या.

दुबई, शारजा, दोहा इथे राहणाऱ्यांना हे काम सोपं आहे. तिकडच्या फिलिपिनो दुकानांत किसलेला उबे गोठवलेल्या पाकिटात मिळतो. अमेरिका-कॅनडातल्या आशियाई दुकानांतही मिळतो. पाकिटावर तो कच्चा आहे की शिजवलेला ते वाचा. कच्चा असेल तर अर्धा-पाऊण तास वाफवल्याशिवाय वापरू नका. उबेची भुकटीही मिळते. तिचा रंग चांगला येतो, पण गराचा पोत येत नाही. केकमध्ये घालायला ठीक, हलायासाठी मी ती शेवटचा पर्याय मानतो.

साहित्य

कोनफळ सव्वा किलो (शिजवून, साल काढून, किसून ८०० ग्रॅम लागेल)
कंडेन्स्ड मिल्क १ डबा, ४०० ग्रॅमच्या आसपासचा
म्हशीचं किंवा फुल क्रीम दूध ९०० मिली, आटवून ४०० मिली केलेलं
बिनमिठाचं लोणी किंवा बटर १०० ग्रॅम
साखर ५० ते १०० ग्रॅम, चाखून
मीठ दोन चिमटी (पिवळं खारं बटर वापरलं तर मुळीच नको)
व्हॅनिला अर्धा चमचा, हवा असल्यास
वरून लावायला लातिक, त्याची कृती पुढे येते

यातून साधारण सव्वा किलो हलाया होतो. पहिल्यांदा करताना सगळं निम्मं घ्या. हात भरून येत नाहीत आणि कढईही आटोक्यात राहते.

फिलिपिन्समधल्या कृतींत आटवलेल्या दुधाच्या जागी इव्हॅपोरेटेड मिल्कचा डबा असतो. डबाबंद दूध तिथे अमेरिकी राजवटीत रुळलं आणि असे गोड पदार्थ त्याच्यावरच उभे राहिले. आपल्याकडे तो डबा सहज मिळत नाही, पण त्याने काही अडत नाही. तो म्हणजे सुमारे साठ टक्के पाणी काढलेलं दूधच. जाड बुडाच्या पातेल्यात दूध मंद आटवलं की काम झालं. साय धरू द्यायची नाही, ढवळत राहायचं. मात्र रबडीपर्यंत नेऊ नका. खमंग, तांबूस दुधाचा वास आला की कोनफळाचा स्वतःचा मंद वास त्यात बुडून जातो.

त्याच कारणाने तीन गोष्टींना स्वयंपाकघरात असूनही हात लावायचा नाही: वेलची, केशर आणि साजूक तूप. मला ठाऊक आहे, हात आपोआप वेलचीकडे जातो. पण उबेचा वास व्हॅनिलाच्या जवळचा, थोडासा सुक्या मेव्याकडे झुकणारा आणि फार नाजूक असतो. वेलची घातली की तो उत्तम कोनफळाचा हलवा होईल. खुशाल करा, पण तो हलाया नव्हे. खव्याचंही तेच, पेढ्याची चव पुढे येते. तुपाऐवजी बटर घ्या. फिलिपिन्समध्ये कित्येक घरांत मार्गारीन वापरतात, आणि लहानपणापासून त्याच चवीची सवय असलेल्यांना बटरचा हलाया ‘वेगळा’ लागतो.

उकडणं

कच्चं कोनफळ सोलू नका. सालीत आणि सालीखाली सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते कॅल्शियम ऑक्झलेटचे. सुरणासारखीच याचीही काहींच्या हातांना चांगलीच खाज सुटते. कच्चा कंद चाखायचाही नाही. कापावाच लागला तर हाताला तेल लावा किंवा मोजे घाला.

कंद ब्रशने घासून माती काढा. कुकरच्या डब्यात मावतील एवढे, मुठीएवढे मोठे तुकडे सालीसकट करा. डब्यात पाणी घालू नका, ते फक्त कुकरच्या तळाशी. झाकण लावून मध्यम आचेवर चार शिट्ट्या, मग पाच मिनिटं मंद, मग वाफ आपोआप जिरू द्या. मोदकपात्रात किंवा चाळणीवर वाफवलं तर पाऊण तास ते तास लागेल. सुरी मधोमध विनासायास गेली पाहिजे. मध्ये टणक लागला तर परत वाफवा, कारण अर्धकच्चा कंद पुढे कितीही आटवलात तरी दाताखाली कचकच राहतोच.

पाण्यात बुडवून उकडू नका असं मी आग्रहाने सांगतो, त्याची दोन कारणं आहेत. जांभळा रंग देणारी अँथोसायनिन द्रव्यं पाण्यात विरघळतात, म्हणजे तुमचा अर्धा रंग मोरीत जातो. आणि उकडलेला कंद पाणी पिऊन बसतो. मग ते सगळं पाणी तुम्हाला कढईत ढवळून ढवळून काढावं लागतं. वाफवलेला, कोरडा कंद म्हणजे पुढची पंधरा मिनिटं वाचली.

शक्य असेल तर हे काम आदल्या संध्याकाळी करा. शिजलेले तुकडे गार करून, सालीसकट झाकून फ्रीजमध्ये ठेवा. गार कंद घट्ट होतो आणि किसणीवर चिकटत नाही. दुसऱ्या दिवशी साल बोटांनी आणि सुरीने निघून येते. सालीखालचा तपकिरी, जून थर दिसेल, तोही काढा. तो राहिला तर हलायाला मातकट चव येते.

किसणं, की पुरणयंत्र?

फिलिपिन्समध्ये पारंपरिक पद्धत किसण्याची. बारीक किसणीने किसलं तर हलायात किंचित रवाळपणा राहतो, आणि जुन्या लोकांना तोच हवा असतो. अगदी गुळगुळीत हवा असेल तर आपल्याकडे जे साधन आहे ते किसणीपेक्षा सरस आहे: पुरणयंत्र. बारीक जाळी लावा, कंद कोमट असताना फिरवा (फ्रीजमधला असेल तर आधी थोडा वाफवून घ्या), धागे वर राहतात आणि मऊ कीस खाली पडतो. देठाकडच्या भागात धागे जास्त असतात, तिथे ते विशेष कामाला येतं.

मिक्सरमध्ये कोरडा कंद फिरवू नका. पिष्ठमय कंद पात्याखाली रगडला गेला की चिवट, ताणला जाणारा गोळा होतो आणि मग तो काही केल्या सुटत नाही. मिक्सरच वापरायचा असेल तर आटवलेल्या दुधातलं निम्मं दूध घालून, थांबत थांबत, थोडाच वेळ फिरवा.

आटवणं

भांडं जाड बुडाचं, पसरट आणि खोलगट हवं. जाड स्टीलची कढई किंवा नॉनस्टिक चालेल. लोखंडी कढई मात्र नको. लोखंडाशी अँथोसायनिनचा संबंध आला की रंग काळपट निळा पडतो, आणि चवीलाही लोखंड उतरतं. बिनकल्हईचं पितळ किंवा तांबंही टाळा. ढवळायला लांब दांड्याचं, सपाट तोंडाचं लाकडी उलथनं घ्या. लांब दांड्याचं कशाला, ते पुढे कळेल.

गॅस पेटवण्याआधी कढईत कंडेन्स्ड मिल्क, आटवलेलं दूध आणि मीठ एकत्र करा. त्यात कीस घालून गुठळ्या मोडेपर्यंत नीट कालवा. बहुतेक कृतींत आधी बटर वितळवून त्यात सगळं ओततात. तेही चालतं, पण गार मिश्रणात गुठळ्या सहज मोडतात, गरम दुधात पडलेल्या गुठळ्या मागे लागतात. बटरचे दोन भाग करा. निम्मं आता घाला, निम्मं शेवटाला ठेवा.

आता मंद ते मध्यम आच. पहिली दहा-बारा मिनिटं मिश्रण पातळ असतं आणि काहीच घडत नाहीये असं वाटतं. याच वेळी लोक फोन घ्यायला जातात. जाऊ नका. साखर आणि पिष्ठ दोन्ही तळाशी बसतात, आणि तळ एकदा धरला की करपट वास सगळ्या कढईभर पसरतो. उलथनं तळाला टेकवूनच फिरवायचं: एकदा गोल, एकदा मधून आडवं, आणि कडेचं खरवडून आत घ्यायचं.

मग दाटपणा येतो आणि मिश्रण रटरटायला लागतं. हे बुडबुडे उकळत्या साखरेचे आणि पिष्ठाचे असतात. उडालेला थेंब त्वचेला चिकटून बसतो आणि साध्या वाफेपेक्षा वाईट भाजतो. लांब दांडा यासाठी. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, लहान मुलांना ओट्यापासून लांब ठेवा. फार उडत असेल तर आच कमी करा, झाकण ठेवू नका, कारण वाफ बाहेर जाणं हेच तर इथलं काम आहे. हा टप्पा पंधरा ते वीस मिनिटांचा.

यातच एकदा चाखून साखर ठरवा. कंडेन्स्ड मिल्कमध्ये निम्म्याच्या आसपास साखरच असते, त्यामुळे वरची साखर सुरुवातीलाच ओतायची गरज नाही. कंद गोडसर निघाला तर पन्नास ग्रॅमही पुरते. साखर घातली की मिश्रण पुन्हा सैल होतं, घाबरू नका. आणि गरम असताना जरा जास्तच गोड वाटेल इतकी ठेवा, गार झाल्यावर गोडी दबते.

शेवटचा टप्पा हातांचा. मिश्रण जड होतं, उलथनं ओढावं लागतं, कडा सुटू लागतात. फिलिपिन्समध्ये सणासाठी मोठ्या कढईत, म्हणजे कावात, हलाया घालतात तेव्हा घरातली माणसं आळीपाळीने ढवळतात. तुम्हीही कुणाला तरी धरून आणा. आता उरलेलं बटर दोन-तीन वेळा करून घाला. ते आत मुरलं की हलायाला चकाकी येते आणि तो कढईला सोडायला लागतो. व्हॅनिला घालायचा तर गॅस बंद केल्यावर.

कधी थांबायचं

घड्याळावर विसंबू नका. कंदातलं पाणी, कढईची रुंदी, आच, सगळ्यांनी वेळ बदलतो. एकूण चाळीस मिनिटांपासून तासापर्यंत काहीही लागू शकतं. त्याऐवजी या खुणा बघा.

उलथन्याने कढईच्या मधोमध रेघ ओढा. तळ दिसला आणि दोन-तीन सेकंदांनी मिश्रण सावकाश जवळ आलं, तर तो पावाला लावण्याजोगा हलाया. इथे थांबलात तर गार झाल्यावर तो चमच्यात बसेल आणि सुरीने पसरेल. रेघ तशीच राहिली, कढई हलवली की सगळा गोळा एकत्र सरकला, आणि उलथनं उलटं धरूनही त्यावरचा गोळा पडला नाही, तर तो साच्यात घालून कापण्याजोगा. याच्याही पुढे गेलात तर बटर बाजूला सुटू लागेल. तेव्हा लगेच गॅस बंद करा.

शंका असेल तर फ्रीजमध्ये ठेवलेल्या ताटलीवर अर्धा चमचा टाका, दोन मिनिटं थांबा आणि बोटाने ढकला. गार झाल्यावर कसा असेल ते तिथेच कळतं. गरम कढईतला हलाया नेहमी प्रत्यक्षापेक्षा सैल दिसतो. गार होताना पिष्ठ घट्ट होतं, बटर गोठतं. म्हणून मनातल्या घट्टपणाच्या किंचित अलीकडे थांबावं.

लातिक आणि साचा

लातिक म्हणजे नारळाच्या दाट दुधातून सुटलेला, सोनेरी-तपकिरी होईपर्यंत तळला गेलेला चुरा. (व्हिसाया बेटांवर याच नावाने नारळाचा पाक ओळखतात. इथे उत्तरेकडच्या लुझोन बेटावरचं लातिक अभिप्रेत आहे.) दोन नारळांचं पहिल्या पिळणीचं दाट दूध, किंवा ४०० मिलीचा डबा, कढईत मध्यम आचेवर ठेवा. उकळून आटतं, मग फाटल्यासारखं दिसतं, तेल वर येतं आणि खाली कण जमतात. आता आच मंद करा आणि सतत हलवा. कण बदामी झाले की गाळून घ्या, कारण ते गरम तेलात पुढेही तळले जात राहतात. अर्धा तास लागेल. खोबरेल तेल करताना घरात जो वास सुटतो तोच इथे सुटतो, कोकणातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. डब्यातलं दूध घेणार असाल तर त्यात घट्टपणासाठी मिसळलेली द्रव्यं नाहीत ना ते बघा, नाहीतर तेल सुटता सुटत नाही.

ते तेल फेकू नका. साच्याला आतून तेच लावा. फिलिपिन्समध्ये यासाठी यानेरा नावाचा लंबगोल पत्र्याचा साचा असतो, ज्यात लेचे फ्लान हे कॅरामल कस्टर्डही करतात. तुमच्याकडे स्टीलचा पसरट डबा, केकचं छोटं भांडं, काहीही चालेल. हलाया गरम असतानाच भरा, चमच्याच्या पाठीने दाबून पोकळी काढा, वरून सपाट करा. पूर्ण गार झाल्यावर फ्रीजमध्ये चार तास. मग कडेने सुरी फिरवून ताटात उलटा आणि वर लातिक भुरभुरा. लातिकचा खटाटोप नको असेल तर तिथे दुसरी पद्धतही आहे: वर किसलेलं प्रोसेस्ड चीज. वाचायला विचित्र वाटेल, पण खारट चीज आणि गोड उबे ही जोडी फिलिपिन्समध्ये पक्की जमलेली आहे. २०२० च्या टाळेबंदीत तिथे घराघरांतून विकले जाऊ लागलेले उबे-चीज पांदेसाल पाव याच जोडीवर चालले.

रंगाबद्दल, शेवटी एकदाचं

अँथोसायनिनचा रंग पदार्थ आंबट आहे की अल्कधर्मी, यावर बदलतो. लिंबू पिळलंत तर गुलाबी-लालसर होतो, खायचा सोडा घातलात तर निळा आणि पुढे हिरवट. म्हणून ‘लवकर शिजावं’ म्हणून सोडा टाकू नका. बोअरचं जड पाणीही थोडं अल्कधर्मी असतं, त्यात उकडलेला कंद निळसर राखाडी दिसतो. वाफवण्याचा हाही एक फायदा. दुधाने रंग फिकट होतो, ते टळत नाही. गुळाने तपकिरी होतो, म्हणून साखरच.

तरीही रंग हवाच असेल, वाढदिवसाचा केक असेल, तर थोडा उबे अर्क किंवा खाण्याचा जांभळा रंग शेवटच्या पाच मिनिटांत घाला. यात पाप नाही, खुद्द फिलिपिन्स तेच करतं. फक्त अर्काचा वास उग्र असतो, अर्ध्या चमच्यापासून सुरुवात करा आणि तो घातलात तर व्हॅनिला वगळा.

दूध चालत नसेल तर

तेवढ्याच कंदाला ५०० मिली दाट नारळाचं दूध, २०० ग्रॅम साखर आणि बटरऐवजी दोन-तीन चमचे खोबरेल तेल घ्या. आटवण्याची रीत तीच. हा हलाया जरा मऊ राहतो, रंग जास्त गडद दिसतो आणि लातिक त्यावर आणखी शोभतं. कोनफळ उपवासाला चालतं आणि यात धान्य नाही, त्यामुळे एकादशीला चालेल का, हा प्रश्न येणारच. तो तुमच्या घरातल्या आजींना विचारा, इथे निकाल देण्याचं धाडस मी करणार नाही.

काही बिघडलं तर

गार झाल्यावरही सैल राहिला असेल तर परत कढईत घाला आणि दहा मिनिटं आटवा. हलायाला याने काही होत नाही. फार घट्ट झाला तर चार चमचे गरम दूध घालून मंद आचेवर मळून घ्या. बटर सुटून तेलकट झाला तर आच जास्त झाली होती. उतरवून दोन चमचे गरम दूध घाला आणि जोरात घोटा, बहुतेक वेळा परत मिळून येतो. तळ लागला असं वाटलं तर खरवडू नका. वरचं मिश्रण दुसऱ्या भांड्यात काढा आणि तिथे पुढे चालू ठेवा. गुठळ्या राहिल्या तर गरम असतानाच पुरणयंत्रातून एकदा काढा.

साठवण

इथे जॅम हा शब्द विसरा. यात दूध आहे, आंबटपणा नाही आणि ओलावा भरपूर आहे, म्हणजे जंतूंना हवं ते सगळं आहे. घरी निर्जंतुक केलेली बरणी, घट्ट झाकण, उकळत्या पाण्यातली अंघोळ, यातलं काहीच त्याला बाहेर टिकण्याइतकं सुरक्षित करत नाही. आंबट नसलेल्या पदार्थांच्या बंद बरणीत बॉटुलिझमचा, म्हणजे जंतूंच्या विषाने होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचा, धोका खराच असतो. दुकानातली बरणी पाहून तसं करायला जाऊ नका.

फ्रीजमध्ये झाकून ठेवलात तर साधारण आठवडाभर चांगला राहतो, रोज कोरडा चमचा घालायचा. फ्रीजरमध्ये दोन-तीन महिने. छोट्या वाट्यांत विभागून गोठवा, लागेल तेवढंच रात्री खाली फ्रीजमध्ये उतरवा. लातिक वेगळ्या डबीत ठेवा, हलायावर घालून ठेवलं तर मऊ पडतं.

खायचा कसा

सगळ्यात साधं: गरम पावावर बटर लावून वर हलाया. फिलिपिन्समध्ये तो पाव म्हणजे सकाळचा पांदेसाल, आपल्याकडे कडक किंवा लादी पाव दोन्ही चालतात. उन्हाळ्यात हालो-हालो करा. उंच ग्लासात साखरेच्या पाकातला राजमा, नाता दे कोको (नारळाच्या पाण्यापासून केलेले जेलीसारखे तुकडे) किंवा ओल्या शहाळ्याची मलई, पिकलेल्या केळ्याचे पाकातले तुकडे, वर बर्फाचा चुरा, त्यावर आटवलेलं दूध, आणि माथ्यावर हलायाचा गोळा. खाताना सगळं खालून वर ढवळायचं. नाताळच्या आदल्या रात्रीच्या नोचे बुएना जेवणात तो कापून, लेचे फ्लानच्या शेजारी मांडलेला असतो.

आणि कढईला शेवटी जो थर चिकटून राहतो, तो घासणीने काढायला जाऊ नका. तळ करपलेला नसेल तर त्यातच दोन कप दूध ओता, मंद आचेवर हलवा, थर आपोआप सुटेल. गाळून, गार करून प्या. ढवळणाऱ्याचा हक्क आहे तो.